रीडिंग

मोरेश्वर हेडाऊ, मीटर रीडर, निवृत्त.
बत्तीस वर्षं तांडापेठ ते पाचपावली
दुसऱ्यांच्या भिंतींवरचे आकडे वाचत हिंडला.
दार बंद असलं की लिहायचा : दार बंद.
अंदाजाने युनिट टाकले नाहीत कधी,
साहेब चिडले, तरी नाही.
मी हसायचो. मोरूभाऊ, म्हणायचो,
एवढ्यानं काय लाइट जास्त पडते का जी?

मे महिना. कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
आठवडाभर मोबाइलवर एकच आवाज फिरत होता :
पोरं पळवणारी टोळी, बायका आहेत, डोक्यावर भांडी.
आणि ती आली, डोक्यावर टोपलं घेऊन,
जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी देणारी.
आणि सोरत्यांची परी सापडेना.

एवढंच.
एवढं पुरलं.

पहिलं कोण ओरडलं, सांगता येत नाही.
गंज, डबे, परात उतारावरून वाजत गेले
आणि त्या वाजण्यानेच हात मोकळे झाल्यासारखे झाले,
माझेही.
मोरूभाऊ ओसरीवरून उतरला, चष्मा पुसत.
"पोरगी हिच्याजवळ पायली का कोणी?"
"तुमी बाजूले व्हा जी."
"सव्वातीनपासून बसून आहो मी इथं. हे एकटीच आली."
"मंग तूही त्यायच्यातलाच."

त्यावर तो काही बोलला नाही.
तिच्या अंगावर वाकून उभा राहिला फक्त,
छत्री धरावी तसा, पण छत्री नव्हती.

परी साडेपाचला सापडली.
आजोबांच्या बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यात,
लपाछपी खेळता खेळता झोपलेली,
गालावर सुताचे वळ.
परात रस्त्यातच पडून होती. रात्री कुत्रं तिच्यातलं पाणी पीत होतं.

पोलिसांनी घरोघर विचारलं.
सगळी गल्ली म्हणाली : दार बंद होतं साहेब,
ऊन फार होतं, आम्ही आत होतो.

मोरूभाऊ संध्याकाळी माझ्याकडे आला, रोजच्या वेळेला.
चहा घेतला नाही.
"सात जण दिसले मले. सातवा तू.
उद्या ठाण्यात नाव देऊन राहिलो.
दुसऱ्याच्या तोंडून आयकशील, म्हणून सांगाले आलो."
आणि चप्पल शोधत राहिला बराच वेळ,
त्याला नीट दिसत नव्हतं.

मग त्याचं दूध बंद झालं. न्हाव्याला वेळ नसायचा.
पोट्टे त्याच्या मीटरवर शेण फेकायचे.
पोळा आला. बडगे मीच रंगवतो, बापापासून.
मंडळाची पोरं ऑर्डर घेऊन आली :
काका, औंदा मोरूभाऊचा बडग्या. गळ्यात पाटी, घरभेदी.
मी जामिनावर होतो. मी हो म्हणालो.

बांबू, पेंढा, रद्दी. पोट जरा मोठंच केलं.
आदल्या रात्री तो येऊन उभा राहिला मांडवात,
स्वतःकडे पाहत, हात मागे बांधून,
जुनं मीटर पाहावं तसा, घाई न करता.
पोरं गप्प झाली. एक जण खोकला.
"काच डावी फुटली होती," तो म्हणाला,
"तू उजवी काढली."
आणि गेला.

मला ठाऊक होतं डावी.
माझंच कोपर होतं ते.

सकाळी ढोल, गुलाल,
ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत,
अख्खं नागपूर रस्त्यावर, गच्च्या माणसांनी वाकलेल्या.
बडग्या गर्दीवरून डुलत गेला,
दोन्ही काचा फुटलेल्या.
उजवी पुसायला रंग उरला नव्हता,
किंवा उरला होता, मी झाकण उघडलं नाही.

चौदाला तारीख आहे.
वकील म्हणतो, सोपं आहे, सगळे एकच बोला,
दार बंद होतं म्हणा.
रात्री मी उठतो, कडी काढतो,
जरा वेळ उघडंच ठेवतो दार.
समोर त्याच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतो.